निरोप कुणाला पाठवायचा?

गेल्या महिन्यात एका मित्राने एक एक्सेल शीट पाठवली. तो आणि त्याचे दोन सहकारी मिळून गरोदर बायकांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवताहेत. विषय नेहमीचा आहार-व्यायाम नाही, तर आजूबाजूला असलेली विषं: धूर, शिसं, पारा, प्लास्टिक, कीटकनाशकं वगैरे. शीटमध्ये साठेक नोटिफिकेशन्स होती, आठवड्यांच्या क्रमाने लावलेली. माझं काम फक्त डेटाबेसचा आराखडा बघून द्यायचं. पण ती वाक्यं वाचत गेलो आणि अडकलो. 'टाळा', 'वापरू नका', 'बाहेर पडू नका', 'खिडकी बंद ठेवा', 'खिडकी उघडी ठेवा' (हो, दोन्ही होती. एक एकविसाव्या आठवड्यात, एक तेविसाव्या.) साठच्या साठ वाक्यं त्या बाईला उद्देशून. म्हटलं, बघू तरी ही यादी आली कुठून. दोन वीकेंड त्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

खरं तर आपल्याकडे गरोदर बाईला सूचना द्यायला अ‍ॅपची गरज कधीच पडली नाही. सासू, आई, शेजारच्या काकू, झालंच तर ट्रेनमधली अनोळखी बाई, सगळ्या चोवीस तास ऑनलाइन. ग्रहणात भाजी चिरू नकोस, सुई हातात घेऊ नकोस, संध्याकाळी एकटी बाहेर जाऊ नकोस. हसायला सोपं आहे, पण त्यामागे एक गृहीतक होतं: बाहेर जे घडतं ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. गंमत म्हणजे त्याच काळात शिकलेल्या डॉक्टरांचं गृहीतक याच्या बरोबर उलटं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाची साधारण समजूत अशी की आई आणि बाळ यांच्यामधली वार ही पक्की भिंत आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल. आत काय सोडायचं आणि काय अडवायचं हे तिला कळतं.

या भिंतीला पहिलं ठळक भोक दाखवलं ते नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने, १९४१ साली. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता, हे त्याच्या लक्षात आलं. पण तो झाला जंतू. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा औषधंही आत पोचतात हे कळलं. पण कारखान्याचं सांडपाणी? ते समुद्रातून माशात, माशातून आईत आणि आईतून बाळात जाईल? हा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तो आणून दिला जपानच्या दक्षिणेकडच्या मिनामाता नावाच्या गावाने.

गोष्ट बऱ्याच जणांना वरवर माहीत असते, पण तपशील वाचण्यासारखे आहेत. चिस्सो नावाच्या रसायन कंपनीचा तिथे मोठा कारखाना. अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरायचे आणि सांडपाणी खाडीत सोडायचे. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मरायला लागली. मग १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी आरोग्य खात्याला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अनोळखी आजार पसरतोय. १९५७ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने केंद्राला विचारलं: अन्न कायद्याखाली या खाडीतले मासे विकायला बंदी घालू का? उत्तर आलं की खाडीतले सगळेच्या सगळे मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, तेव्हा बंदी घालता येणार नाही. लोकांना मासे खाऊ नका असं सांगण्यावर भागवलं गेलं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. जगातली ही बहुधा सुरुवातीच्या 'पर्यावरण-आरोग्य सवयीं'पैकी एक. नळ तसाच चालू ठेवायचा आणि खाणाऱ्याला सांगायचं, जपून खा बुवा. मासेमारीवर जगणाऱ्या घरात त्या दिवशी ताटात दुसरं काय असणार होतं, हे सांगणाऱ्याने विचारलं नसावं.

१९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्यावर बोट ठेवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी घालून एका मांजराला (क्रमांक ४००) खाऊ घातलं, ते आजारी पडलं, आणि कंपनीने पुढचे प्रयोग थांबवायला लावले. आमच्या क्षेत्रात यालाच बग रिप्रोड्यूस झाला म्हणतात, आणि तो रिपोर्ट दाबणाऱ्याला काय म्हणतात ते लिहीत नाही. पारा खाडीत जायचा थांबला १९६८ साली, आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं तेही त्याच वर्षी.

आता आपल्या विषयाचा भाग. त्या गावात १९५५ नंतर बरीच मुलं मेंदूच्या पक्षाघातासारखी लक्षणं घेऊन जन्मली. डॉक्टर म्हणायचे, यांनी तर मासे खाल्लेच नाहीत, तेव्हा हा आजार तो नव्हे. हारादा मासाझुमी नावाचे तरुण डॉक्टर गावात घरोघर फिरत होते. एका घरात दोन भाऊ, लक्षणं अगदी सारखी, पण मोठ्याला मिनामाताचा आजार आणि धाकट्याला पक्षाघात असं निदान. असं का, तर धाकटा जन्मापासूनच तसा. आईचं म्हणणं मात्र ठाम होतं. मासे मी खाल्ले, तेव्हा हा पोटात होता, माझ्यातलं विष याच्यात गेलं. फायरवॉलचा सिद्धांत एका कोळिणीने खोडून काढला होता, फक्त ते कागदावर यायचं बाकी होतं. दोन मुलांच्या शवविच्छेदनानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, १६ मुलांचा आजार गर्भातच झाल्याचं मान्य केलं गेलं. त्यातल्या बऱ्याच आयांना स्वतःला लक्षणं अगदी सौम्य होती. वार अडवत नव्हतीच, उलट पारा बाळाकडे जास्त जात होता.

पुढची गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. जपानमध्ये बाळाची सुकलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. हारादांनी गावातल्या घरांतून या नाळा मागून गोळा केल्या आणि त्यातला मिथाइल मर्क्युरी मोजला. कोणत्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नाळेत किती पारा, हे आकडे कारखान्याच्या उत्पादनाच्या चढउताराशी जुळले. १९७५ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. सर्व्हरवरचे लॉग कंपनी पुसू शकते. हे लॉग आयांनी माळ्यावर, डबीत ठेवले होते.

यानंतर जग शहाणं झालं, पण शहाणपणाची दिशा बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ साली गरोदर बायकांना सांगितलं की शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल आणि टाइलफिश हे चार मासे खाऊ नका, कारण पारा. सल्ला बरोबरच होता. पण मॅसॅच्युसेट्समधल्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्यांनी यादीत नसलेले मासेही कमी केले, अगदी डब्यातला ट्यूनासुद्धा. आणि बाळाच्या मेंदूला मासे चांगले असतात हेही तितकंच खरं. पुढे २०१७ पर्यंत सल्ल्याचा सूर बदलत बदलत 'कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन-तीनदा जरूर खा' इथवर आला. 'टाळा' हा शब्द फार वेगाने पसरतो, त्यामागची यादी मागेच राहते.

(जाता जाता: मित्राच्या शीटमध्ये ही ओळ जशीच्या तशी आली होती आणि कुणीतरी 'मॅकरेल'चं भाषांतर 'बांगडा' केलं होतं! अमेरिकन यादीतला किंग मॅकरेल हा सुरमईच्या कुळातला मोठा शिकारी मासा, जात वेगळी. बांगडा बिचारा छोटा, पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन जगणारा. मोठा मासा छोट्याला खातो तसा पारा साठत वर जातो, म्हणून छोट्या माशात तो साधारणपणे कमी. मालवणात किंवा मडगावात सातव्या महिन्यातल्या बाईच्या ताटातून बांगडा काढून घ्यायचं पाप एका स्ट्रिंग फाइलने केलं असतं.)

सल्ल्याची 'सवय' झाली ती डेन्मार्कमध्ये. तिथल्या पर्यावरण खात्याने २०००च्या दशकात गरोदर आणि स्तनदा आयांसाठी 'नऊ चांगल्या सवयी' अशी पुस्तिका काढली. सुगंधी क्रीम नको, केस रंगवू नका, बाळाचे नवे कपडे आधी धुवा, असा मामला. याची गरज का पडावी? २०११ साली अमेरिकेतल्या २६८ गरोदर बायकांच्या रक्त-लघवीच्या चाचण्यांचं विश्लेषण ट्रेसी वुड्रफ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. १६३ रसायनं शोधली, त्यातली ४३ जवळजवळ प्रत्येकीत सापडली. म्हणजे हा कुणा एकीच्या निष्काळजीपणाचा प्रश्नच नव्हता. हवेसारखं सगळीकडे पसरलेलं आहे ते.

मग स्मार्टफोन आले आणि पुस्तिकेचं अ‍ॅप झालं. जर्मनीत 'बुंड' या पर्यावरण संस्थेचं 'टॉक्सफॉक्स' २०१३ साली, डेन्मार्कच्या ग्राहक परिषदेचं 'केमिलुप्पेन' २०१५ साली. दुकानात क्रीमच्या बाटलीवरचा बारकोड स्कॅन करायचा, की उत्तर येतं. डॅनिश अ‍ॅपमध्ये प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राचं चित्र दिसतं आणि त्यावर ए, बी किंवा सी. बाटली डेटाबेसमध्ये नसेल तर तुम्हीच घटकांच्या यादीचा फोटो काढून पाठवायचा.

इथवर हेही त्याच जातीचं: बाईने दुकानात उभं राहून रसायनशास्त्र करायचं. पण टॉक्सफॉक्समध्ये पुढे एक गोष्ट आली, ती मला इंजिनिअर म्हणून प्रचंड आवडली. युरोपच्या रसायन कायद्यात ग्राहकाला हक्क आहे की एखाद्या वस्तूत अतिचिंतेच्या यादीतलं रसायन आहे का, असं कंपनीला विचारायचं, आणि कंपनीने ४५ दिवसांत फुकट उत्तर द्यायचं. कायदा होता, पण खेळणं हातात धरून कोण पत्र लिहीत बसणार? अ‍ॅपने ते पत्र एका बटणावर आणलं. स्कॅन करा, दाबा, प्रश्न कंपनीकडे गेला. म्हणजे नोटिफिकेशनची दिशाच उलटी! फोन बाईचा, पण काम कंपनीला लागलं.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या रस्त्याने आला, कारण आपल्याकडे स्मार्टफोनच्या आधी साधा फोन आला आणि वाचता येण्याच्या आधी ऐकता येतं. अमेरिकेत २०१० मध्ये 'टेक्स्ट फॉर बेबी' सुरू झालं, आठवड्याला तीन एसएमएस. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' या संस्थेने २०१४ मध्ये 'एममित्र' सुरू केलं ते एसएमएसवर नाही, तर आवाजावर. गरोदरपणाच्या आठवड्याप्रमाणे, बाईने निवडलेल्या भाषेत आणि तिने सांगितलेल्या वेळेला फोन येतो. वेळ निवडता येणं ही साधी गोष्ट वाटते, पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा संध्याकाळी सातला घरी येतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते फील्ड फॉर्ममध्ये घालायचं सुचेल. बिहारमधून सुरू झालेली 'किलकारी' २०१६ पासून केंद्र सरकारची योजना म्हणून पसरली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ निरोप, 'डॉक्टर अनिता' नावाच्या काल्पनिक डॉक्टरीणबाईंच्या आवाजात. अ‍ॅप नाही, डाउनलोड नाही, डेटा पॅक नाही.

यातला अवघड भाग म्हणजे गळती. सुरुवातीला बायका ऐकतात, मग हळूहळू फोन उचलणं बंद होतं. संस्थेची माणसं व्यक्तिशः फोन करून पुन्हा जोडून घेऊ शकतात, पण आठवड्याला किती जणींना? लाखो नावं आणि मोजकी माणसं. इथे गूगल रिसर्चच्या मिलिंद तांबे यांच्या गटाने एक जुनं गणित बाहेर काढलं. जुगाराच्या यंत्रांच्या रांगेत कोणत्या यंत्रात नाणं टाकायचं, या प्रश्नाची एक अवघड आवृत्ती आहे, ज्यात तुम्ही हात लावला नाही तरी यंत्रांची अवस्था बदलत राहते. पीटर व्हिटल यांनी १९८८ मध्ये त्यावर एक निर्देशांक सुचवला होता. तो वापरून, या आठवड्यात कुणाला फोन केल्याने सर्वांत जास्त फरक पडेल, हे ठरवायचं. २३,००३ बायकांवर सात आठवडे चाचणी घेतली आणि गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. जुगाराच्या यंत्राचं गणित धारावीतल्या गरोदर बाईला फोन करायला कामी येतं, अशा वेळी आपल्या धंद्याबद्दल जरा बरं वाटतं.

पण निरोप ऐकला, पटला, तरी पुढे काय? धुराचंच घ्या. कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९८१ मध्ये गुजरातच्या चार खेड्यांत हवा मोजायची यंत्रं घेऊन गेले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच ती लावली. तोवर प्रदूषण म्हणजे धुरांडी आणि शहर असं समीकरण होतं. चुलीपुढचे आकडे शहराला लाजवणारे निघाले. १९९१ मध्ये अहमदाबादच्या एका अभ्यासात चुलीच्या धुराचा मृत जन्मांशी संबंध दिसला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. 'चुलीपासून लांब रहा' हा निरोप पाठवायला सोपा आहे, पण सिलिंडर भरायचे पैसे नोटिफिकेशनमधून येत नाहीत.

मग भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून एक मोठा प्रयोग झाला. ३,२०० गरोदर बायका, निम्म्यांना गॅस शेगडी आणि इंधन फुकट, घरपोच. भारतातलं ठिकाण तमिळनाडू. बायकांनी गॅस अगदी मनापासून वापरला. अंगावर मोजलेली सूक्ष्म धूळ एका गटात घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅम, चुलीच्या गटात सुमारे ७१. आणि बाळांचं वजन? २०२२ मध्ये निकाल छापून आला: सरासरीत म्हणण्यासारखा फरक नाही. कदाचित गरोदरपणाच्या मध्यावर सुरू करणं म्हणजे उशीर असेल, कदाचित वजन हा योग्य मापदंड नसेल, वाद चालू आहेत. गॅस तरीही हवाच, आईच्या फुप्फुसांसाठी आणि डोळ्यांसाठी. पण 'नऊ महिने एवढं पाळा, बाळ गुटगुटीत' असं वचन अ‍ॅपवर लिहिणाऱ्याने हा पेपर वाचावा. हवेचा तर आणखी घोळ. पुण्याच्या आयआयटीएमने २०१५ मध्ये 'सफर'चं अ‍ॅप काढलं. आपल्या भागातली हवा लाल की हिरवी ते फोनवर दिसू लागलं, आणि काम म्हणून ते उत्तम. पण लाल दिसल्यावर हिंजवडीच्या चौकात दुचाकीवर मागे बसलेल्या सहा महिन्यांच्या गरोदर मुलीने नेमकं काय करायचं? ऑफिसला सांगायचं, आज हवा लाल आहे?

आता शेवटची गोष्ट, आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळची. बांगलादेशच्या खेड्यांत २०१४-१५ मध्ये ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं तेव्हा जवळपास दर तिघींत एकीच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त निघालं. जवळपास कारखाना नाही, शिशाचं पेट्रोल केव्हाच बंद झालेलं. स्टॅनफर्डच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्याच्या संशोधन संस्थेतले सहकारी एकेक शक्यता खोडत गेले. शिशाचे आयसोटोप म्हणजे जवळजवळ बोटांचे ठसे. ते रक्तातले ठसे जुळले हळदीशी! हळकुंडांना पिवळीधमक चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळायचे. स्थानिक नाव 'पिउरी'. फर्निचरच्या रंगात वापरतात तेच. विचारपूस केल्यावर कळलं की १९८०च्या दशकात एका पुराच्या वर्षी हळद भिजून काळपट पडली, गिऱ्हाईक घेईना, म्हणून कुणीतरी हा उपाय काढला आणि तो चालूच राहिला.

इथे काय करता आलं असतं? अठराव्या आठवड्याचं नोटिफिकेशन: 'हळद टाळा.' ऐकायला कसं वाटतं? कोणत्या घरात जमेल? डोळ्यांनी तर ओळखताही येत नाही, उलट भेसळीची हळद जास्त छान दिसते. त्याऐवजी तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये बाजारांत सूचना वाटल्या, आणि ढाक्याच्या श्यामबाजारातल्या घाऊक दुकानांवर क्ष-किरणांनी शिसं ओळखणारं हातातलं यंत्र घेऊन छापा घातला. दोन व्यापाऱ्यांना मिळून ८ लाख टाका दंड, सुमारे ९०० किलो हळद जप्त, आणि हे सगळं टीव्हीवर. २०१९ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये शून्य. हळद कांडणाऱ्या गिरणी-कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. एकाही गरोदर बाईला एकही सवय बदलावी लागली नाही.

परदेशातल्या वाचकांसाठी एक जोड द्यायलाच हवी, कारण ती घरची आहे. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने २०११-१२ मध्ये शिशाची विषबाधा झालेल्या सहा गरोदर बायकांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांच्यात समान धागा म्हणजे भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं. म्हणजे इथून कुणीतरी प्रेमाने डबीत भरून पाठवलेलं किंवा जाताना बॅगेत घातलेलं. ही बाब मात्र अशी आहे की तिथे निरोपाचा उपयोग होतो: डॉक्टरला दाखवल्याशिवाय डबीतलं घेऊ नकोस, आणि आधी घेतलं असशील तर रक्तातलं शिसं तपासून घे. मित्राच्या शीटमध्ये ही ओळ नव्हती, ती मी घालायला सांगितली आहे. फक्त ती पोटुशीला पाठवायची की इकडून डबी पाठवणाऱ्या आईला, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. स्कीमामध्ये 'पाठवायचं कुणाला' असा एक वेगळा रकाना सध्या वाढवून ठेवलाय.